मारई शांदोर: गप्प बसण्याचा हक्क मागणारा कादंबरीकार

पानगळ

गेल्या पावसाळ्यात मैत्रिणीच्या कपाटातून एक पातळशी इंग्रजी कादंबरी उचलून आणली, 'एम्बर्स'. लेखकाचं नावही तोवर कानावर आलेलं नव्हतं. रात्री जेवणं आटोपल्यावर हातात घेतली आणि मिटली तेव्हा दाराशी दूधवाला आला होता. त्यानंतर या माणसाचं इंग्रजीत जे जे मिळेल ते वाचत गेले. मराठीत त्याच्याबद्दल बोलायला कोणी सापडेना, म्हणून हा धागा.

मारई शांदोर. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. जन्म ११ एप्रिल १९००, गाव कॉश्शॉ. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते चेकोस्लोव्हाकियात गेलं, १९३८ मध्ये हंगेरीकडे आलं, १९४५ मध्ये पुन्हा चेकोस्लोव्हाकियात, आणि आज ते स्लोव्हाकियात आहे. आजचं नाव कोशित्से. घरचं आडनाव ग्रोसश्मिड, जर्मन वळणाचं. वडील वकील, पुढे प्रागच्या संसदेत सिनेटर झाले. 'मारई' हे त्याने लेखनासाठी घेतलेलं नाव.

जर्मन त्याला अगदी घरच्यासारखी येत होती. विशीत तो जर्मनीत होता आणि 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'सारख्या मातब्बर वृत्तपत्रात त्याचं लेखन छापून येई. काफ्काला जग फारसं ओळखत नव्हतं तेव्हा त्याच्या कथा याने हंगेरियनमध्ये आणल्या. १९२३ मध्ये लोलाशी लग्न, मग काही वर्षं पॅरिस. जर्मनमध्ये लिहिलं असतं तर वाचक कितीतरी पटींनी मिळाले असते. पण १९२८ मध्ये तो बुडापेस्टला परतला आणि हंगेरियनमध्येच लिहीत राहिला. शेजारच्या कुठल्याच देशाला न कळणारी, जर्मनशीही नातं नसलेली आणि स्लाव्ह भाषांशीही नसलेली ती भाषा. या निर्णयापाशी मी खूप वेळ थांबले होते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

१९३० ते १९४२ या काळात तो हंगेरीतला सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक होता. 'एका पोल्गारचा कबुलीजबाब' हे आत्मकथन १९३४ मध्ये सुरू झालं. 'एस्तरचा वारसा' १९३९ चं, 'एम्बर्स' १९४२ चं. 'एम्बर्स'च्या मूळ हंगेरियन नावाचा अर्थ 'मेणबत्त्या बुडापर्यंत जळतात' असा आहे, आणि मला तो कितीतरी जास्त आवडतो. निखारा फुंकर घातली की पुन्हा पेटू शकतो. बुडापर्यंत जळालेल्या मेणबत्तीला तशी आशा नसते. ही कादंबरी नेमकी तशी आहे.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे लिहायला बसले ते. 'मेमॉयर ऑफ हंगेरी', मूळ प्रकाशन १९७२. सुरुवात होते १८ मार्च १९४४ च्या रात्री. हंगेरीत वाढदिवसासारखाच नामदिवस साजरा करतात, आणि १८ मार्च हा शांदोर नावाचा दिवस. घरी नातेवाईक जेवायला आलेत. जेवताना राजकारणावरून वाद होतो, आवाज चढतात, माणसं उठून जातात. दुसऱ्या दिवशी, १९ मार्चला, जर्मन सैन्य हंगेरीत घुसतं. ते जेवण म्हणजे त्या घरातलं, त्या वर्गाचं, शेवटचं जेवण. युद्धाच्या अखेरीस बुडापेस्टला वेढा पडला तेव्हा मारई लोलासह गावाबाहेर लेआन्यफॉलु इथे होता. परतला तेव्हा बुडा भागातलं मिको रस्त्यावरचं घर ढिगारा झालं होतं. सुमारे ६००० पुस्तकं गेली.

लेआन्यफॉलुमधला एक प्रसंग विसरता येत नाही. पहिला रशियन सैनिक दारात येतो, कोवळा पोरगाच. तो विचारतो, तू कोण? मारई रशियनमध्ये सांगतो, 'पिसातेल', लेखक. पोराचा चेहरा खुलतो. ज्या सैन्याच्या भीतीने सगळं गाव घराघरांत दडलेलं आहे, त्यातला एक शिपाई लेखक भेटला म्हणून आनंदतो. मारई हा आनंद खोटा ठरवत नाही, आणि त्यावर भाळतही नाही. ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पुढे सरकतो.

पुढे साम्यवाद्यांची पकड घट्ट होत गेली. मार्क्सवादी विचारवंत ग्यॉर्ग लुकाच यांनी त्याच्या लेखनावर कडाडून टीका केली. तरी त्याला तुरुंगात टाकलं नव्हतं, छापखाने अजून पुरते बंद झाले नव्हते. मग तो का गेला? त्याचं उत्तर मी चार वेळा वाचलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोकळेपणी लिहू देणार नाहीत, हे तर आहेच. पण मोकळेपणी गप्पही बसू देणार नाहीत, म्हणून जायला हवं. लेखक गप्प बसला तर ते मौनही सरकारला आपल्या बाजूचं हवं असतं. त्याने टाळी वाजवली पाहिजे, निदान सभेला खुर्चीत दिसला पाहिजे.

१९४८ मध्ये तो लोला आणि दत्तक मुलगा यानोशला घेऊन निघाला. पुस्तकाच्या शेवटी रात्रीची गाडी एन्स नदीच्या पुलावर येते. अलीकडे रशियन हद्द, पलीकडे अमेरिकन. शिपाई कागद बघतो, गाडी पूल ओलांडते. आणि आपण मुक्त झालो हे कळताच त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरी भीती वाटते.

पुढे स्वित्झर्लंड, नेपल्सजवळचं पोझिलिपो, १९५२ पासून न्यूयॉर्क, मग इटलीतलं सालेर्नो, आणि शेवटी १९८० पासून सॅन दिएगो. हंगेरियन सोडून दुसऱ्या भाषेत तो कादंबरीकार झाला नाही. हंगेरीत त्याची पुस्तकं बंद. पुढे तिथली राजवट जरा सैल झाली तेव्हा छापण्याची बोलणी आली. त्याने अट घातली: सोव्हिएत सैन्य देशातून जाऊ दे, मोकळ्या निवडणुका होऊ देत, मग छापा. तोवर एक ओळही नाही.

२१ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याने सॅन दिएगोत स्वतःचं आयुष्य संपवलं. हंगेरीत मोकळ्या निवडणुका झाल्या १९९० च्या वसंतात. शेवटचा सोव्हिएत सैनिक तिथून गेला जून १९९१ मध्ये.

ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा. ज्यांनी वाचलं नाही त्यांनीही विचारा.


रात्रपाळी

रुग्णालयाच्या कामावरून आले आणि झोपायच्या आधी हे वाचलं. आता झोप येणार नाही. आधी कुठलं पुस्तक घेऊ तेवढं सांगा.


पानगळ

रात्रपाळी, 'एम्बर्स'च घ्या. दोन बैठकांत होतं. त्यानंतर 'मेमॉयर'.


निवृत्त_ग्रंथपाल

पानगळताई, धागा मनापासून आवडला. वाचकांनी लक्षात ठेवावं असं काही भाषांतरांबद्दल सांगतो.

'एम्बर्स'चं इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये आलं. ते कॅरल ब्राउन जेनवे यांनी मूळ हंगेरियनवरून केलेलं नाही, जर्मन भाषांतरावरून केलेलं आहे. म्हणजे आपण वाचतो ती कादंबरी दोन उंबरे ओलांडून आलेली आहे. वाचनीय आहे यात वाद नाही. पण त्यानंतर 'द रिबेल्स', 'कॅसानोव्हा इन बोल्झानो', 'एस्तर्स इनहेरिटन्स', 'पोर्ट्रेट्स ऑफ अ मॅरेज' ही जॉर्ज सिर्तेश यांनी थेट हंगेरियनमधून आणली, आणि फरक जाणवतो. सिर्तेश स्वतः कवी, लहानपणी १९५६ नंतर हंगेरीतून इंग्लंडला आलेले. त्यांच्या भाषांतरात वाक्यांचा श्वास लांब आहे. 'मेमॉयर'चं भाषांतर आल्बर्ट टेझ्ला यांचं, तेही थेट मूळ भाषेतून.

दुसरं म्हणजे हंगेरियनमध्ये आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत. 'एम्बर्स'मधले दोन पंचाहत्तरीचे म्हातारे, हेन्रिक आणि कोनराड, एकेचाळीस वर्षांनी भेटतात. एकाने दुसऱ्यावर बंदूक रोखली होती असा संशय मध्ये उभा आहे. आणि तरी ते एकमेकांना 'तू'च म्हणतात, कारण दहा वर्षांची पोरं असताना सैनिकी शाळेत तसं म्हणत होते. इंग्रजीत हे सगळं 'यू'मध्ये विरून जातं. मराठीत हा 'तू' किती काम करेल! ही कादंबरी कोणी थेट हंगेरियनवरून मराठीत आणली तर तिचं अर्धं दुःख नुसत्या या एका सर्वनामात येईल.

ती जगभर पोचली कशी हेही ऐकण्यासारखं आहे. मारई गेल्यावर नऊ वर्षांनी, १९९८ मध्ये, रोबेर्तो कालासो यांच्या आदेल्फी या प्रकाशनसंस्थेने ती इटालियनमध्ये काढली. इटलीत ती तुफान चालली. पुढच्याच वर्षी जर्मन आवृत्ती आली, तीही तशीच. मग इंग्रजी. लेखकाला यातलं काही पाहायला मिळालं नाही.


कोरा_कागद

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

'एम्बर्स' मी वाचली आणि मला ती गुदमरवणारी वाटली. पुढे रहस्यभेद आहे. जनरल साहेब, म्हणजे हेन्रिक, दोन तृतीयांश कादंबरी एकटेच बोलतात. कोनराड जवळजवळ गप्प. आणि जिच्यावरून हे सगळं घडलं ती जनरलची बायको क्रिस्टिना कधीच मेलेली. तिची रोजनिशी पिवळ्या मखमलीत बांधलेली, मोहोर लावलेली, जनरलच्या हातात आहे. ती उघडली तर तिचं म्हणणं आपल्याला कळेल. आणि दोन म्हातारे मिळून ती न वाचता आगीत टाकतात. माझं मन तिथे उठलं. पुरुषांच्या मैत्रीची ही पूजा मला झेपली नाही. बाई आठ वर्षं त्या वाड्यात एकटी राहून मेली, नवरा शिकारीच्या बंगलीत जाऊन बसला, शब्द बोलला नाही. यात उदात्त काय आहे?


पानगळ

कोरा_कागद, राग कसला. मलाही त्या पानाशी आल्यावर ओरडावंसं वाटलं होतं, की उघडा ती वही!

पण मला वाटतं, लेखकाला ते उदात्त वाटत नाही. जनरल स्वतःला न्यायी समजतो आणि आपण पानापानाला बघतो की हा माणूस अहंकाराने आतून पोखरलेला आहे. त्याचे प्रश्न शेवटी दोनच उरतात, आणि पहिल्याचं उत्तर कोनराड देत नाही. वही जळते तेव्हा मला वाटलं, क्रिस्टिना या दोघांच्या हातून सुटली. आता निदान तिला यांच्या खटल्यात साक्ष द्यायला नको.

आणि बाईचा आवाज हवा असेल तर 'पोर्ट्रेट्स ऑफ अ मॅरेज' वाचाच. १९४१ मध्ये तिचे दोन भाग आले: आधी टाकलेली बायको बोलते, मग नवरा. कितीतरी वर्षांनी, परदेशात, मारईने तिसरा आवाज जोडला, युदित. त्या घरात मोलकरीण म्हणून आलेली, पुढे त्याच नवऱ्याची दुसरी बायको झालेली. ती बोलायला लागते आणि आधीच्या दोघांचं सगळं सुसंस्कृत दुःख उघडं पडतं. गरिबी म्हणजे काय, श्रीमंतांच्या घरातली चांदी पुसताना माणूस काय बघतो, हे ती सांगते. 'एम्बर्स' लिहिणारा आणि युदित लिहिणारा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. मधल्या काळात घर गेलं, वर्ग गेला, देश गेला. त्याने ते सगळं मोलकरणीच्या तोंडून मान्य केलं आहे.


कोरा_कागद

युदितबद्दल माहीत नव्हतं. मागवतो.


मुक्ता_व

'पोल्गार' या शब्दावर बोलूया का? मूळ लेखात ताईंनी तो तसाच ठेवलाय ते बरं केलं. इंग्रजीत 'बूर्झ्वा' करतात आणि सगळा वास बदलतो. हंगेरियनमध्ये पोल्गार म्हणजे नागरिकही आणि शहरातला सुस्थितीतला, शिकलेला, स्वतःच्या कष्टावर उभा राहिलेला मध्यमवर्गही. मारईला दोन्ही अर्थ हवे आहेत. घरात पुस्तकांचं कपाट, ठरलेल्या वेळी जेवण, दिलेला शब्द पाळणं, आणि त्याबरोबर शहराची जबाबदारी घेणं. मराठीत 'मध्यमवर्गीय' म्हटलं की हप्ते आणि शिकवण्या डोळ्यांसमोर येतात. 'नागर' हा शब्द थोडा जवळ जातो.

पण मला एक प्रश्न नेहमी पडतो. या वर्गाने १९४४ मध्ये काय केलं? शेजारच्या ज्यू कुटुंबांना नेत होते तेव्हा हे पुस्तकांचं कपाटवाले कुठे होते? मारई त्यावर बोलतो का?


पानगळ

मुक्ता, बोलतो. आणि स्वतःच्या माणसांना सोडत नाही.

लोला कॉश्शॉमधल्या ज्यू घरातली. तिच्या वडिलांना त्या गावातूनच नेलं. हंगेरीतून आउश्वित्झकडे गेलेल्या बहुतेक गाड्या कॉश्शॉ स्थानकावरून गेल्या. म्हणजे ज्या गावच्या अंगणांवर आणि जिन्यांवर त्याने प्रेमाने शेकडो पानं लिहिली, त्याच गावाच्या फलाटावरून. १९४३ पासून तो रोजनिशी लिहीत होता. जर्मन आल्यावर त्याने प्रकाशन थांबवलं, पण रोजनिशी थांबवली नाही. १९४४ च्या नोंदींमध्ये लाज हाच मुख्य सूर आहे. लूट करायला धावलेल्या भल्या घरच्या लोकांबद्दल, फायद्यासाठी गप्प बसलेल्यांबद्दल तो फार कडक लिहितो. म्हणून त्याचं 'गप्प बसण्याचा हक्क' हे वाक्य वाचताना मी आधी अडखळले होते. गप्प बसणं तर गुन्हाही असतो ना? मग लक्षात आलं की तो दोन वेगळ्या मौनांबद्दल बोलतोय. दुसऱ्याला नेताना आपण गप्प बसलो, ते एक. आणि सत्ता म्हणते 'आमच्यासाठी बोल' तेव्हा तोंड न उघडणं, ते दुसरं. पहिल्याची त्याला लाज होती, आणि दुसऱ्यासाठी त्याने देश सोडला.


सीमेवरचा

मी बेळगावचा. कॉश्शॉची गोष्ट वाचताना पोटात कालवलं. आमच्या आजोबांनी एकाच घरात राहून मुंबई इलाखा पाहिला, मुंबई राज्य पाहिलं आणि १९५६ नंतर म्हैसूर राज्य पाहिलं. दारावरची पाटी मराठी, कचेरीतला कागद वेगळ्या भाषेत.

तुलना फार ताणू नये हे मला कळतं. आमच्याकडे देश बदलला नाही, आणि तिथे युद्धं झाली, माणसं मारली गेली. पण गाव तिथेच राहतं आणि आपण त्या गावचे आहोत हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं, ही भावना मला कोणी समजावून द्यायला नको. मारईने कॉश्शॉबद्दल काय लिहिलं आहे ते जरा विस्ताराने सांगाल का?


पानगळ

सीमेवरचा, तुमच्यासाठी 'कबुलीजबाब'च. पहिली शंभर पानं तर नुसत्या एका इमारतीबद्दल आहेत म्हटलं तरी चालेल: कोण कुठल्या मजल्यावर राहायचं, कोणाच्या घरात कुठली भाषा, मोलकरणी कुठे झोपायच्या (याचंही तो लाजत वर्णन करतो), पुस्तकांच्या दुकानात कोण काय घ्यायचं. हंगेरियन, जर्मन, स्लोव्हाक, ज्यू, सगळे एका जिन्यावरून ये-जा करणारे. पहिला भाग संपतो १९१४ च्या उन्हाळ्यात. मोठी माणसं बागेत जमली आहेत, आणि साराजेवोमध्ये युवराजाचा खून झाल्याची बातमी येते. जिन्यावरच्या त्या सगळ्या घरांचं पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असतं. त्यांना नसतं. त्याने त्यावर एकही शब्द जास्तीचा लिहिलेला नाही.


दर्यावर्दी

मी सॅन दिएगोत एकोणीस वर्षं आहे. इतकी वर्षं इथे राहून हा माणूस याच शहरात होता हे आज तुमच्या धाग्यामुळे कळलं. आज दुपारी गाडी बाजूला लावून समुद्राकडे बघत बसलो होतो. त्याची रक्षा याच पॅसिफिकमध्ये विसर्जित केली, असं त्यानंतर वाचलं.

मला भाषेबद्दल बोलायचंय. माझी मुलगी अकरा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तिला सगळं कळतं, पण जीभ वळत नाही. रागावताना मी पूर्वी मराठीत रागवायचो. हल्ली मी रागावतोही इंग्रजीत, आणि हे माझ्या बायकोने लक्षात आणून दिलं. या माणसाने एक्केचाळीस वर्षं ते होऊ दिलं नाही. कसं जमवलं असेल?


निवृत्त_ग्रंथपाल

दर्यावर्दी, याच भीतीवर त्याची एक कविता आहे, 'मृतासाठी भाषण' असं नाव होईल. पोझिलिपोला असताना लिहिली, १९५१ मध्ये छापली. हंगेरियन भाषेतला सर्वांत जुना सलग मजकूर म्हणजे बाराव्या शतकाच्या शेवटचं, दफनाच्या वेळचं एक छोटं भाषण. आपल्या डोळ्यांनी बघा आपण काय आहोत, धूळ आणि राख आहोत, अशी त्याची सुरुवात. हंगेरीतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ती ओळ ठाऊक असते. मारईने आपली कविता त्याच ओळीने सुरू केली. फक्त इथे मरतंय ते माणसाचं शरीर नाही. परदेशात एकेक शब्द करत जिभेवरून गळून जाणारी भाषा मरतेय. पुढे ही कविता हंगेरीत हाताने उतरवून घेतलेल्या कागदांवर फिरली.

कसं जमवलं याचं उत्तर मला त्याच्या दिनक्रमात दिसतं. तो रोज हंगेरियनमध्ये रोजनिशी लिहीत राहिला आणि जुने हंगेरियन लेखक पुन्हा पुन्हा वाचत राहिला. साम्यवादी देशांतल्या श्रोत्यांसाठी अमेरिकेने चालवलेल्या रेडिओ फ्री युरोपवर अनेक वर्षं, १९६७ पर्यंत, तो हंगेरियनमध्ये बोलायचा. ऐकणारे हजारो मैलांवर, दिवा मालवून, आवाज बारीक करून बसलेले. पुस्तकं काढायला टोरोंटोतलं वोरोश्वारी हे हंगेरियन निर्वासितांचं प्रकाशन होतं. वाचक मोजके.


दर्यावर्दी

धन्यवाद काका. रोजनिशी आज सुरू करतो. मुलीला रोज चार ओळी वाचून दाखवेन.


आज्जीची_वही

धागा सुंदर चालला आहे. एक विनंती करते. त्याच्या मृत्यूबद्दल बोलताना त्याला कोणी धैर्य किंवा तत्त्वनिष्ठा म्हणून रंगवू नये. मी आजारी, एकट्या वृद्धांबरोबर काम करते. शेवटच्या वर्षांत त्याच्या घरात काय घडलं ते बघा. लोलाची दृष्टी जवळजवळ गेली होती, ती महिनोन् महिने रुग्णालयात होती आणि हा रोज जाऊन तिच्याजवळ बसायचा. बासष्ट वर्षांचा संसार. जानेवारी १९८६ मध्ये ती गेली. त्याच सुमारास भावंडं एकामागून एक गेली. १९८७ मध्ये यानोश गेला, ऐन पंचेचाळिशीत. त्याआधी १९३९ मध्ये पोटचा मुलगा क्रिश्टोफ काही आठवड्यांचा होऊन गेला होता. स्वतःची नजरही अधू झालेली. इतका एकटा पडलेला, म्हातारा, दुःखी माणूस होता तो. त्याला त्या वेळी कोणाची तरी सोबत हवी होती. आपल्या आसपास असे कोणी असतील तर आज फोन करा.


पानगळ

आज्जीची_वही, तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं केलंत. शेवटच्या रोजनिशीत लोलाबद्दलची पानं आहेत. ती मी एकदाच वाचू शकले. औषधाच्या वेळा, परिचारिकेशी झालेलं बोलणं, तिचा हात किती हलका झाला आहे. एकही अलंकार नाही. मला विचाराल तर एवढ्या लेखनात त्याने सर्वांत थोर लिहिलंय ते हेच.


कोरा_कागद

छापू न देण्याच्या निर्णयावर कोणी बोललं नाही. मी बोलतो, कारण मला तो अजून पटत नाही. अट सरकारला घातली, पण शिक्षा वाचकाला झाली. चाळीस वर्षं हंगेरीतली तरुण पोरं त्याला न वाचता मोठी झाली. १९७० नंतर तिथे वातावरण इतर साम्यवादी देशांच्या मानाने सैल होतं. बाकीचे लेखक तिथेच राहून, काही पोटात घालून, काही ओळींच्या मधे लपवून लिहीतच होते. त्यांनी वाचकाला एकटं टाकलं नाही. मला ते जास्त अवघड वाटतं.


निवृत्त_ग्रंथपाल

तुमचं म्हणणं वजनदार आहे, मी ते बाजूला सारत नाही. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. पुस्तक आलं असतं तर त्या पुस्तकाचा अर्थ काय झाला असता? 'बघा, मारईसुद्धा आता आमच्याकडे छापतो.' त्याला लिहिलेल्या शब्दापेक्षा पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं ते अदृश्य वाक्य नको होतं. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा जग नुसतं बघत राहिलं. त्यानंतर त्याचा 'थोडं सैल झालंय' या शब्दांवर विश्वास उरला नसावा. आणि १९९० मध्ये त्याला मरणोत्तर कोशुथ पुरस्कार, हंगेरीचा मोठा राष्ट्रीय सन्मान, मिळाला, आज तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत त्याचं आख्खं फडताळ असतं. उशीर झाला, हे मान्य.


कोरा_कागद

उशीर वाचकालाही झाला, एवढंच माझं म्हणणं. पण 'अदृश्य वाक्य' हे लक्षात राहील.


रात्रपाळी

'एम्बर्स' संपवली. एक गोष्ट दिसली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कादंबरीत जनरल मित्राची वाट एकेचाळीस वर्षं बघतो. १८९९ ते १९४०. ती छापली गेली १९४२ मध्ये. लेखक देश सोडून गेला १९४८ मध्ये आणि गेला १९८९ मध्ये. म्हणजे परदेशातलं एकेचाळिसावं वर्ष चालू होतं. त्याने स्वतःच्या वाट पाहण्याचा आकडा सहा वर्षं आधीच लिहून ठेवला होता. योगायोग असेल. पण मी बसमध्ये बोटांवर दोनदा मोजलं.


पानगळ

रात्रपाळी, मी ही कादंबरी तीनदा वाचली आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.


सीमेवरचा

'कबुलीजबाब' मागवलं आहे. कॉश्शॉला कोणी जाऊन आलंय का इथे?


वाटसरू_७

मी गेलोय. क्राकोव्हमध्ये कामाला होतो तेव्हा एका शनिवारी बसने कोशित्सेला गेलो होतो. मारईचं नाव माहीत नव्हतं, तिथलं मोठं चर्च बघायला गेलेलो. म्हणून आज हा धागा वाचताना अंगावर काटा आला.

चर्चपासून थोडं आत मेसिआर्स्का नावाचा रस्ता आहे, अर्थ खाटीक गल्ली. ३५ क्रमांकाचं घर त्याच्या कुटुंबाचं. आता तिथे त्याची आठवण म्हणून एक खोली जपली आहे, पण मी गेलो तेव्हा दार बंद होतं. जवळच त्याचा पुतळा आहे. चौथरा वगैरे नाही, जमिनीवरच. कोट घातलेला माणूस खुर्चीत बसलाय, आणि त्याच्यासमोर तशीच दुसरी खुर्ची आहे, रिकामी, येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं म्हणून. मला वाटलं फोटो काढायला ठेवली असेल. पाय दुखत होते, मी बसलो. समोरच्या माणसाचं नाव पाटीवर वाचलं आणि विसरलो. जरा वेळाने एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना रस्ता हवाय. त्यांना बसायचं होतं. मी उठलो, त्या बसल्या. मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या तिथेच होत्या, पिशवी मांडीवर घेऊन.